किनारा नसलेल्यांची सागरी इंग्रजी

स्लोव्हाकियाला समुद्र नाही. उत्तरेला तात्रा पर्वत, दक्षिणेला डॅन्यूब नदी, आणि जवळात जवळचा खारा वारा एड्रियाटिकचा. तोही मध्ये परका मुलूख ओलांडल्यावर अंगाला लागतो. तरी इंग्रजी शिकवणाऱ्या स्लोव्हाक शब्दसंग्रहांत विमानतळ आणि रेल्वे स्टेशनच्या पाठोपाठ बोटीच्या प्रवासाचे शब्द येतात. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्लोव्हाक: बंदर, धक्का, नांगर, केबिन, बोट लागणे, लाइफ जॅकेट. प्रस्तुत पुस्तक अशाच शब्दयादीवर उभे आहे. इंग्रजी सागरी शब्द, त्यांचे स्लोव्हाक प्रतिशब्द आणि दोहोंवर मराठी टिपा, असा त्याचा घाट आहे.

मराठीत हे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे. सुकाणू, शीड, डोलकाठी, नाळ, उधाण, तांडेल हे शब्द कोकणातल्या पोराला शाळेत शिकावे लागत नाहीत. पण जे आयते मिळते, त्याची घडण सहसा डोळ्यांना दिसत नाही. स्लोव्हाकांना समुद्राचे शब्द जुळवावे लागले. काही जर्मनमधून, काही चेक आणि क्रोएशियनमधून, काही घरातल्याच शब्दांना नवे काम लावून. म्हणून सागरी इंग्रजी नावाची जी वस्तू आज जगभर चालते, ती कोणी आणि कशी बनवली, हे या उजवीकडच्या रकान्यातून जास्त स्वच्छ दिसते. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही भाषा आता इंग्रजांची राहिलेली नाही. तो एक कामाचा करार आहे, आणि त्यातली महत्त्वाची कलमे अपघातांनंतर लिहिली गेली आहेत.

स्लोव्हाक माणसाच्या कल्पनेत समुद्र बराच आधी आला. स्लोव्हाक भाषेतली पहिली कादंबरी, योझेफ इग्नात्स बायझाची, 1783 सालची. तिचा नायक समुद्रावर निघतो आणि संकटात सापडतो. त्याच सुमाराचा खराखुरा दर्यावर्दी म्हणजे व्हरबोवे गावी 1746 साली जन्मलेला मोरित्स बेन्योव्स्की. रशियनांनी त्याला कामचाटकात हद्दपार केले, तिथून 1771 साली तो जहाज पळवून निसटला, मकावला पोचला आणि पुढे मादागास्करच्या राजकारणात पडून 1786 साली तिथेच मारला गेला. त्याच्या आठवणी इंग्रजीत 1790 साली लंडनला छापल्या गेल्या. त्यातले किती खरे मानायचे, हा अभ्यासकांचा जुना वाद आहे. गडी थापा मारण्यात कमी नव्हता, एवढे मात्र निश्चित.

पण सामान्य स्लोव्हाक माणूस समुद्रावर गेला तो पोटासाठी. 1880 नंतर पहिल्या महायुद्धापर्यंत तेव्हाच्या हंगेरी राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून लाखो लोक अमेरिकेला गेले, बरेचसे पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणींत आणि पोलादाच्या कारखान्यांत. गावातून आगगाडीने ब्रेमेन किंवा हॅम्बुर्ग गाठायचे आणि तिथून बोटीच्या खालच्या मजल्यावर दाटीवाटीने पलीकडे जायचे. बोटीच्या तिकिटाला स्लोव्हाकमध्ये तेव्हा ‘शीफकार्ता’ म्हणत. शब्द उघडच जर्मन. आजच्या प्रमाण भाषेत त्याच तिकिटाला ‘लोद्नी लीस्तोक’ म्हणतात. जर्मन थर खाली आणि घडवलेला स्लोव्हाक थर वर, अशी ही मांडणी या यादीत ठिकठिकाणी भेटेल.

तिसरी वाट फ्यूमे बंदरातून, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या रियेकातून जात असे. ते हंगेरी राज्याचे बंदर होते. कुनार्ड कंपनी फ्यूमेहून न्यू यॉर्कला बोटी सोडी, त्यांतल्या एकीचे नाव होते ‘कार्पेथिया’. ज्या डोंगरांतून हे लोक उतरत, त्याच डोंगरांचे नाव. एप्रिल 1912 मध्ये हीच बोट न्यू यॉर्कहून फ्यूमेकडे परत निघालेली असताना रात्री तिच्या बिनतारी यंत्रावर ‘टायटॅनिक’ची हाक आली. तिने वाट बदलली आणि सातशेहून अधिक माणसे पाण्यावरून उचलली.

1918 नंतर चेकोस्लोव्हाकिया हे नवे राष्ट्र झाले आणि फ्यूमे हातचे गेले. मग कायद्याने समुद्र मिळवायची खटपट सुरू झाली. व्हर्सायच्या तहात हॅम्बुर्ग आणि श्टेटिन या बंदरांत या देशाला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने जागा द्यायची तरतूद होती. हॅम्बुर्गचा करार 1929 साली झाला आणि त्याची मुदत 2028 पर्यंत आहे. बार्सिलोनाच्या 1921 च्या जाहीरनाम्याने किनारा नसलेल्या देशांनाही स्वतःच्या झेंड्याखाली जहाजे चालवण्याचा हक्क मान्य केला. त्या हक्काच्या जोरावर 1959 साली प्रागमध्ये चेकोस्लोव्हाक सागरी कंपनी निघाली. देशात समुद्रावरच्या अधिकाऱ्यांची पूर्ण शाळा नव्हती, म्हणून मुले पोलंड, बल्गेरिया आणि सोव्हिएत संघात शिकायला जात. शब्दही तिथून घेऊन येत. 1990 च्या दशकात ही जहाजे विकली गेली. 1993 साली देश दुभंगल्यावर हॅम्बुर्गची जागा चेक बाजूकडे राहिली. स्लोव्हाकियाकडे उरले ब्रातिस्लाव्हाचे नदीबंदर, झिलिना विद्यापीठातला जलवाहतुकीचा विभाग, आणि वाह व डॅन्यूबच्या संगमावर कोमार्नो इथला 1898 सालापासूनचा जहाजबांधणीचा कारखाना, जिथून दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघासाठी भराभर बोटी बांधून गेल्या.

इथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. 1948 च्या बेलग्रेड करारावर उभ्या असलेल्या डॅन्यूब आयोगाच्या कामकाजाच्या भाषा जर्मन, फ्रेंच आणि रशियन. इंग्रजी त्यात नाही. म्हणजे स्लोव्हाक नाविक आपल्या नदीवर असेतोवर इंग्रजीवाचून त्याचे अडत नव्हते. नदी सोडून खाऱ्या पाण्यात शिरला की मात्र तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

आता डाव्या रकान्याकडे. इंग्रजी सागरी कोशांची परंपरा सतराव्या शतकापासूनची, आणि तिचा एक आद्य कोशकार चक्क चाचा होता. हेन्री मेनवेरिंगने काही वर्षे चाचेगिरी केली, 1616 साली माफी मिळवली आणि मग जहाजावर न वाढलेल्या सरदारांना खलाशांची भाषा कळावी म्हणून कोश लिहिला. तो हस्तलिखितांतून फिरत राहिला आणि 1644 साली छापला गेला. त्याच्या आधी 1627 साली व्हर्जिनियाच्या वसाहतीमुळे गाजलेल्या कॅप्टन जॉन स्मिथने सागरी ‘व्याकरण’ प्रसिद्ध केले होते. विल्यम फाल्कनर हा कवी आणि खलाशी. त्याचा मोठा कोश 1769 साली निघाला, आणि त्याच वर्षाअखेर हिंदुस्थानाकडे येणाऱ्या ‘ऑरोरा’ या जहाजासकट तो समुद्रात नाहीसा झाला. अॅडमिरल स्मिथचा कोश 1867 चा. हे सारे एका घराण्याचे ग्रंथ आहेत: मोठे, रसाळ, जहाजाच्या प्रत्येक दोरीला नाव देणारे. वाचायला मी आजही हेच घेईन. प्रवाशाला मात्र त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

दुसरे घराणे बहुभाषिक कोशांचे. त्याचा मूळपुरुष हाइनरिख पाश हा अँटवर्पमधला जहाज-तपासनीस. त्याने 1885 साली जहाजाच्या तळापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतच्या वस्तूंची इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन नावे शेजारी शेजारी मांडली. एकाच धक्क्यावर तीन देशांचे लोक काम करतात, दुरुस्तीच्या बिलावरून भांडतात, तेव्हा असा कोश लागतो. पुस्तकाच्या दुकानातल्या आजच्या दोन रकान्यांच्या याद्या या घराण्याच्या, फार पातळ झालेल्या, वंशज म्हणायच्या.

याच जातीचा पण उलट तोंडाचा एक कोश आपल्याकडचा आहे. थॉमस रोबक याने 1811 साली कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला. तो इंग्रज अधिकाऱ्यांसाठी होता. डेकवरच्या लस्करांना, म्हणजे हिंदी खलाशांना, हुकूम त्यांच्या बोलीत देता यावेत म्हणून. त्या बोलीत हिंदुस्तानी, पोर्तुगीज, अरबी असे सगळे मिसळलेले होते. जॉर्ज स्मॉल याने 1882 साली तिचाच नवा कोश काढला. पुढे रत्नागिरीकडची कितीतरी माणसे ज्या आगबोटींवर राबली, त्या बोटींवर सारंग आणि टिंडेल या बोलीतच काम करून घेत. तेव्हा साहेबाने खलाशाची भाषा शिकायची होती. आज दोघांनी मिळून तिसरीच शिकायची आहे.

या तिसऱ्या भाषेचे घराणे सर्वांत तरुण आणि दिसायला सर्वांत रुक्ष, पण प्रस्तावनाकार म्हणून मला सांगायचे आहे ते मुख्यतः तिच्याविषयी.

सुकाणूचा हुकूम घ्या. ‘टायटॅनिक’च्या ब्रिजवरून हिमनग दिसताच हुकूम सुटला: ‘हार्ड अ स्टारबोर्ड’. स्टारबोर्ड म्हणजे उजवी बाजू. सुकाणूवाल्याने चाक फिरवले आणि जहाज डावीकडे वळले. त्यात त्याची चूक नव्हती. हुकूमच तसा होता. जुन्या काळी सुकाणूला चाक नसे, लांब दांडा असे. दांडा उजवीकडे ढकलला की सुकाणूचे पाते डावीकडे जाई आणि जहाजाचे तोंड डावीकडे वळे. हुकूम दांड्याला उद्देशून दिला जाई. पुढे दांडा जाऊन चाक आले, आगबोटी आल्या, तरी हुकूम दांड्याचाच राहिला. कित्येक पिढ्या इंग्रज सुकाणूवाले ‘उजवे’ ऐकून जहाज डावीकडे नेत होते आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, कारण लहानपणापासून कानाला तेच वळण होते. ज्यांची ती मातृभाषा नव्हती, किंवा ज्यांच्या देशात रीत वेगळी होती, त्यांची फरफट होई. 1929 च्या ‘सोलास’ या समुद्रावरील जीवसुरक्षेच्या करारात ठरले की हुकूम जहाजाच्या तोंडाला उद्देशूनच द्यायचा. ब्रिटिश जहाजांवर 1933 पासून तसे सुरू झाले. एका बैठकीत ठराव झाला आणि शेकडो वर्षांच्या शब्दाचा अर्थ उलटा झाला. त्याआधी 1844 साली ब्रिटिश नौदलाने डाव्या बाजूचा ‘लारबोर्ड’ हा शब्दच काढून टाकला होता, कारण वादळात तो ‘स्टारबोर्ड’सारखा ऐकू येई. त्याच्या जागी ‘पोर्ट’ आला.

स्लोव्हाकमध्ये या दोन बाजू ‘प्रवोबोक’ आणि ‘ल्यावोबोक’: उजवी कूस, डावी कूस. ऐकताच कळावे असे शब्द, पाठांतराची गरज नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचे, ते कोणत्याही भाषेत ठेवावे लागते: ही उजवी-डावी माणसाची नव्हे, जहाजाची. तोंड मागे करून उभे राहिलात तरी प्रवोबोक आपल्या जागी राहतो.

शब्द सुधारले, तरी वाक्ये राहिली होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 1977 साली जहाज चालवण्यापुरता प्रमाण इंग्रजी शब्दसंग्रह काढला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे नाविक आणि भाषातज्ज्ञ यांनी मिळून ‘सीस्पीक’ नावाची आखीव बोली बनवली. मग 7 एप्रिल 1990 च्या पहाटे ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी फेरीबोटीला आग लागली आणि 159 माणसे मेली. नव्याने भरती केलेल्या कर्मचाऱ्यांपैकी अनेकांना प्रवाशांची भाषा येत नव्हती, काहींना आपसांतही बोलता येत नव्हते. त्यानंतर फक्त ब्रिजवरच्या अधिकाऱ्यांपुरती वाक्ये पुरणार नाहीत, प्रवाशांना जिन्यावरून खाली नेणाऱ्या माणसालाही हवीत, हे उघड झाले. नोव्हेंबर 2001 मध्ये संघटनेने प्रमाण सागरी वाक्यांचा संच मंजूर केला. नाविकांच्या जगात त्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एसएमसीपी’ म्हणतात.

या संचाची इंग्रजी जाणूनबुजून गरीब ठेवलेली आहे. एका गोष्टीला एकच शब्द. वाक्याच्या आधी ते काय आहे हे सांगायचे: प्रश्न, उत्तर, इशारा, विनंती, बेत. परवानगी आणि शक्यता दोन्ही सुचवणारे ‘मे’सारखे शब्द टाळायचे. 150 हा आकडा ‘वन-फाइव्ह-झीरो’ असा सुटा म्हणायचा. फक्त सुकाणूचा कोन सांगताना 15 ला ‘फिफ्टीन’च म्हणायचे. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला हे सारे अवघड जाते, कारण त्याला सवयीने बोलायचे असते. ब्रातिस्लाव्हाच्या किंवा मनिलाच्या पोराला सोपे जाते, कारण त्याची सवय अजून बनायची असते. आज जगाला सर्वाधिक नाविक पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया, चीन आणि भारत येतात. डेकवर इंग्रज क्वचितच असतो.

शब्दयाद्यांविरुद्ध माझी खरी तक्रार याच ठिकाणी आहे. प्रवाशांसाठी बनवलेल्या बहुतेक याद्या नामांच्या असतात. डोलकाठी आहे, दीपगृह आहे, समुद्रपक्षी आहे. पण ‘जमण्याची जागा कुठे?’ हे वाक्य नाही. शिवाय स्लोव्हाकसारख्या भाषेत नुसते नाम देणे म्हणजे चावी न देता कुलूप देणे. ‘पलुबा’ म्हणजे डेक, पण डेकवर म्हणजे ‘ना पलुबे’. ‘प्रीस्ताव’ म्हणजे बंदर. बंदरात ‘व प्रीस्तावे’, बंदराकडे जाऊन आत शिरायचे तर ‘दो प्रीस्तावु’. ‘मोरे’ म्हणजे समुद्र. भर समुद्रावर ‘ना मोरी’, समुद्राकाठी ‘प्री मोरी’, आणि सुट्टीला समुद्रावर निघालेला स्लोव्हाक म्हणतो ‘क मोरु’. इंग्रजी वाचकाला यात गोंधळ वाटेल. मराठी वाचकाला वाटू नये, कारण घोडा-घोड्यावर, पाणी-पाण्यात हे सामान्यरूपाचे वळण त्याच्या जिभेवर आहेच. या पुस्तकातल्या टिपा मुद्दाम याच वाटेने जातात. प्रत्येक नामाबरोबर निदान एक रूप दिले आहे, ज्या रूपात तो शब्द बोटीवर खरोखर तोंडी येतो.

कोरडवाहू मुलखाने समुद्रासाठी घरचेच शब्द कसे वापरले, याचीही नोंद टिपांत आहे. ‘व्ल्ना’ ही लाट आणि लोकरही. ‘प्लख्ता’ हे शीड आणि पलंगावरची चादरही. उलट फेरीबोटीला ‘त्रायेक्त’ म्हणतात, आणि क्रोएशियाच्या धक्क्यावरच्या पाटीवर हाच शब्द असतो. उन्हाळ्यात स्लोव्हाक कुटुंबे गाडी भरून एड्रियाटिकला जातात, बेटावर जायला फेरीच्या रांगेत उभी राहतात. त्यांची समुद्राची ओळख आज तिथे होते, आणि पुढची पायरी म्हणून कोणी भाड्याने शिडाची बोट घेतो, कोणी मोठ्या क्रूझवर जातो. आपल्याकडेही मुंबईहून क्रूझवर जाणारी मंडळी वाढली आहेत, आणि नोकरीसाठी परदेशी जहाजांवर चढणारी मराठी मुले तर कधीपासूनची आहेत. शब्दांची गरज दोघांनाही आहे, फक्त सारखी नाही.

प्रवाशाची गरज किती निकडीची असू शकते, ते 13 जानेवारी 2012 ला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’वर दिसले. इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ती खडकावर आदळली, 32 माणसे गेली. इटालियन कप्तानाने इंडोनेशियन सुकाणूवाल्याला इंग्रजीतून दिलेला एक हुकूम ऐन वेळी उलटा पाळला गेला, हे चौकशीत नोंदले गेले. तो बरोबर पाळला गेला असता तरी अपघात टळला नसता, असेही तज्ज्ञांनी सांगितले. पण त्याहून मोठी बाब म्हणजे, त्याच संध्याकाळी बोटीवर चढलेल्या शेकडो प्रवाशांची जमण्याच्या जागेची कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाने ती चोवीस तासांत केव्हाही चालत होती. 2015 पासून ती बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. ती अनेकदा इंग्रजीतून होते, आणि नेमके तेव्हाच निम्मे प्रवासी मोबाइलवर फोटो काढत असतात.

हे पुस्तक कोश असल्याचा दावा करत नाही. मालवाहतूक, सागरी कायदा, विमा यांची परिभाषा यात नाही. ती वेगळी आणि मोठी जागा मागते. जहाजबांधणीचे शब्द कोमार्नोच्या निमित्ताने आले तेवढेच. प्रवासी आणि नवखा नाविक यांना पहिल्या दिवशी जे ऐकू येईल आणि जे बोलावे लागेल, त्यावर भर आहे. स्लोव्हाक उच्चार देवनागरीत लिहिताना काही तडजोडी केल्या आहेत. बलाघात नेहमी पहिल्या अक्षरावर येतो, एवढे सांभाळले तर ऐकणाऱ्याला समजते. मराठी प्रतिशब्द शक्य तिथे किनाऱ्यावरच्या बोलीतले घेतले, आणि जिथे लोक ‘डेक’, ‘केबिन’, ‘लाइफ जॅकेट’च म्हणतात तिथे तेच ठेवले. नवे संस्कृत शब्द घडवायचा मोह आवरला आहे.

वाचकाला एक विनंती. यादी डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. आणि सुरुवात आणीबाणीच्या पानापासून करा. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे लाइफ जॅकेट घेऊन आपल्या जमण्याच्या जागी जायचे, ही ओळ पाठ झाल्यावर मग नांगर आणि दीपगृहाकडे वळा. आणि ज्यांनी आगबोटींवर, मचव्यांवर किंवा गलबतांवर उमेदीची वर्षे घालवली आहेत, अशा जुन्या खलाशांपैकी कोणाला या पानांत एखादा मराठी शब्द चुकलेला किंवा राहिलेला दिसला, तर तो प्रकाशकाकडे जरूर कळवावा. पुढच्या आवृत्तीत तो घेतला जाईल.